झाकण उघडू नये, असे पुस्तिकेत लिहिले आहे : घरच्या ब्रेडयंत्राचा दीड वर्षाचा अनुभव

सोलापुरात ज्याच्या स्वयंपाकघरात ब्रेड करण्याचे यंत्र आहे, असा माझ्याशिवाय दुसरा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. ज्या गावात कडक भाकरी पापडासारखी थप्पी लावून विकली जाते आणि घरोघरी शाळूच्या पिठाचा डबा रिकामा होऊ दिला जात नाही, तिथे साडेसात हजार रुपये मोजून पाव भाजण्याचे यंत्र आणणे म्हणजे निवृत्त माणसाचे खूळच, असे आमच्या घरात सर्वांचे मत होते आणि ते अगदीच चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. तरीही गेल्या दीड वर्षात या यंत्रातून आठवड्याला दोन याप्रमाणे दीडशेच्या आसपास ब्रेड निघाले आहेत. त्यांतले पहिले डझनभर आमच्यापेक्षा दारातल्या गाईनेच अधिक खाल्ले, ही गोष्ट सोडली तर आता त्याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार मला आला आहे असे वाटते.

यंत्र घेण्याचे निमित्त साधे होते. सकाळच्या चहाबरोबर खाण्यासाठी आम्ही जो ‘ब्राउन ब्रेड’ आणत असू, त्याच्या पाकिटावरील घटकांची यादी एकदा चष्मा लावून वाचली. पहिला घटक मैदा होता, गव्हाचे पीठ त्यानंतर होते आणि तपकिरी रंग देण्याचे काम कॅरॅमलकडे सोपवलेले होते. २०१६ साली दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेने ब्रेडच्या नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट आणि आयोडेट या, पिठात मिसळल्या जाणाऱ्या आणि आरोग्याला घातक ठरू शकणाऱ्या रसायनांचे अंश सापडल्याचे जाहीर केले होते आणि त्यानंतर काही आठवड्यांतच अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ब्रोमेटला बंदी घातली होती, हे वर्तमानपत्रात वाचलेले आठवत होते. बंदी होऊन बरीच वर्षे झाली, त्यामुळे भीतीपोटी यंत्र घेतले असे म्हणता येणार नाही. पण ज्याला आपण गव्हाचा म्हणून खातो तो खरोखर गव्हाचा असावा, एवढी अपेक्षा मात्र होती.

यंत्राच्या कंपनीचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही. पुढे दोन तक्रारी येणार आहेत, आणि या किमतीत मिळणारी बहुतेक यंत्रे आतून एकमेकांची भावंडेच असतात, त्यामुळे जे सांगायचे आहे ते नावावाचून अडत नाही. बाहेरून ही एक मोठ्या टोस्टरएवढी उभी पेटी आहे. आत काढता-घालता येणारे ॲल्युमिनियमचे भांडे, त्याला न चिकटणारा मुलामा, भांड्याच्या तळाशी एका दांड्यावर बसणारे बोटभर लांबीचे पाते, बाहेरून तळाला वेढणारी तापकाची नळी, वर लहानशी काच असलेले झाकण आणि बटणे. ब्रेडचा आकार ५००, ७५० आणि १००० ग्रॅम यांपैकी निवडता येतो. कवचाचा रंग फिका, मध्यम आणि गडद असा ठरवता येतो. आणि रात्री साहित्य भरून सकाळी ब्रेड तयार मिळावा यासाठी १३ तासांपर्यंतची वेळ लावता येते. कार्यक्रम एकोणीस आहेत, त्यांतले मी चार वापरतो. दही आणि जॅम करण्याचे कार्यक्रम कोणी का दिले असतील, हे मला उमगलेले नाही. सोलापुरात दही लावायला विजेची गरज पडावी असे दिवस वर्षातून फार थोडे येतात.

मूळ कार्यक्रम ३ तास २० मिनिटांचा आहे. पहिली १० मिनिटे पाते हळू फिरून साहित्य कालवते, नंतरची २० मिनिटे जोरात मळते. मग पाऊण तास पीठ फुगते, पाते दोन-चार फेरे मारून त्यातली हवा काढते, पुन्हा २५ मिनिटे आणि शेवटी पुन्हा पाऊण तास फुगवण झाली की ५५ मिनिटे भाजणी होते. हे सारे एकाच भांड्यात, हात न लावता घडते, आणि जाहिरातीत नेमके तेवढेच सांगितलेले असते.

पहिल्या दिवशी मी जाहिरातीवर विश्वास ठेवला. पुस्तिकेतली कृती काढली, तिच्यातल्या ‘ब्रेड फ्लोअर’च्या जागी आदल्याच दिवशी गिरणीतून आणलेले लोकवन गव्हाचे दळण यंत्रासोबत आलेल्या पेल्याने मोजून, पेला आपटून, दाबून भरले, पाणी पुस्तिकेत होते तेवढेच घातले आणि बटण दाबून वर्तमानपत्र घेऊन बसलो. सव्वातीन तासांनी भांडे उलटे केले तेव्हा चार बोटे उंचीची एक वीट बाहेर पडली. सुरीने ती कापता येत होती, पण सुरीपेक्षा करवत बरी पडली असती.

माझ्या आईचे वय चौऱ्याऐंशी आहे. तिने आयुष्यात ब्रेड केलेला नाही आणि फारसा खाल्लेलाही नाही. तिने त्या विटेचा तुकडा हातात घेतला, अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाली, “पाणी कमी पडलंय रे याला. पोळीला एवढी घट्ट कणीक मी भिजवली असती ना, तर तुझ्या आजीनं परत भिजवायला लावली असती.”

मी तिला पुस्तिका दाखवली. पाणी पुस्तिकेप्रमाणेच घातले होते आणि यंत्र चालू असताना झाकण उघडू नये अशी सूचनाही तिच्यात ठळक छापलेली होती.

“मग आत कणीक कशी झालीय, ते त्याला कसं कळणार?” तिने यंत्राकडे बोट दाखवून विचारले.

या प्रश्नाचे उत्तर असे आहे, की त्याला ते कळत नाही. या यंत्रात वेळ मोजणारे घड्याळ आहे आणि तापमान पाहणारा एक संवेदक आहे. पीठ घट्ट आहे की सैल, हे जाणण्याची कोणतीही सोय त्यात नाही. पुस्तिकेतली कृती परदेशी ब्रेडच्या पिठासाठी लिहिलेली असते, ज्यात प्रथिनांचे प्रमाण साधारणतः १२ ते १३ टक्के असते. आपल्या बाजारातला मैदा बहुधा त्याहून उणा असतो. गिरणीच्या पिठाचा प्रकार तर निराळाच आहे. दगडी जात्याच्या घर्षणाने आणि उष्णतेने त्यातल्या पिष्टमय कणांचा बराच भाग फुटतो आणि फुटलेले कण कितीतरी अधिक पाणी पितात. आपली पोळी मऊ राहते ती याच गुणामुळे. पण पुस्तिकेत दिले आहे तेवढेच पाणी घालून या पिठाचा ब्रेड केला तर तो कोरडा आणि ठोस होतो. त्यात कोंडाही असतो. तो पाणी सावकाश ओढतो, आणि पिठाचे जाळे ताणले जात असताना त्याची अणकुचीदार टोके ते जाळे कापत राहतात.

पीठ भिजवून मळले की गव्हातल्या प्रथिनांचे जे लवचीक जाळे तयार होते, त्याला शास्त्रात ग्लुटेन म्हणतात. आई त्याला विरी म्हणते. हा शब्द तिच्या तोंडी ज्वारीसाठी असतो. जुन्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना तडकते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ज्वारीची विरी आणि गव्हाचा चिकटपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक आहे. पण पिठाला धरून ठेवणारे काहीतरी पिठातच असते आणि ते हाताला कळते, ही जाणीव त्या शब्दात आहे, आणि मला ब्रेड करायला शिकताना ‘ग्लुटेन’पेक्षा तिचाच उपयोग अधिक झाला.

झाकण उघडू नये ही सूचना फुगवणीच्या आणि भाजणीच्या काळात अक्षरशः पाळली पाहिजे, कारण फुगवणीत आतली ऊब निघून जाते आणि भाजणीत झाकण उघडल्यास वर आलेला ब्रेड बसतो. मळणीच्या अर्ध्या तासात मात्र झाकण उघडले तर काहीही बिघडत नाही. किंबहुना उघडले नाही तर बिघडते. मी आता यंत्र सुरू करून पहिली दहा मिनिटे तिथेच उभा राहतो. सुरुवातीला ओले गोळे आणि कोरडे पीठ एकमेकांपासून फटकून असतात. सहा-सात मिनिटांनी त्यांचा एक गोळा होतो आणि तो भांड्याच्या बाजू पुसत फिरू लागतो. या वेळी बोटाने हलकेच दाबून पाहावे. मैद्याचा गोळा बोटाला चिकटल्यासारखा वाटावा पण बोटावर पीठ राहू नये. कणकेचा गोळा मात्र थोडा अधिक ओलसर, पोळीपेक्षा सैल आणि पुरणपोळीच्या कणकेच्या जवळ जाणारा असावा, कारण पुढच्या पंधरा मिनिटांत कोंडा आपला वाटा ओढून घेणार असतो. गोळा भांड्यावर थपाथप आपटत असेल आणि यंत्र कुंथू लागले असेल, तर चमचा-चमचा पाणी घालावे. गोळा होतच नसेल आणि तळाशी चिखल फिरत असेल, तर चमचाभर पीठ भुरभुरावे. कान सरावले की काच न पाहताही आवाजावरून पाण्याचा अंदाज येतो. ज्याने साठ वर्षांत कधी कणकेत हात घातला नव्हता अशा मला हे कळायला दोन महिने लागले. घरातल्या दोन्ही स्त्रियांना ते पहिल्याच दिवशी कळले होते आणि त्यांनी ते दोन महिने मोठ्या संयमाने पाहिले.

या प्रकारच्या यंत्राचा जन्म कसा झाला, हे नंतर वाचनात आले. जपानमध्ये ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीत, जी पुढे पॅनासॉनिक या नावाने ओळखली जाऊ लागली, १९८५ साली घरगुती ब्रेडयंत्रावर काम चालू होते, पण कवच करपायचे आणि आतला भाग कच्चा राहायचा. अभियंत्यांनी यंत्राने मळलेल्या आणि बेकरने मळलेल्या पिठाची क्ष-किरण छायाचित्रे काढून शेजारी ठेवून पाहिली, तरी उलगडा होईना. शेवटी इकुको तनाका नावाची संगणक-प्रणाली लिहिणारी कर्मचारी ओसाका इंटरनॅशनल हॉटेलच्या मुख्य बेकरच्या हाताखाली शिकायला गेली. तो पीठ केवळ मळत नाही, तर ताणताना त्याला एक पीळ देतो, हे तिच्या लक्षात आले. मग अभियंत्यांबरोबर वर्षभर खटपट करून भांड्याच्या आतल्या बाजूला खास उभ्या कडा बसवण्यात आल्या, त्यांना अडून पीठ तसेच ताणले जाऊ लागले, आणि १९८७ साली ते यंत्र बाजारात आले. माझे यंत्र त्या कंपनीचे नाही. पण माझ्याही भांड्याच्या भिंतीला आतून उभे उंचवटे आहेत, आणि गोळा त्यांना अडून, पिळवटून, सुटताना दिसतो तेव्हा त्या बेकरच्या हाताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. बोटे घालून शिकलेली गोष्ट ज्या यंत्रात ओतली गेली, ते वापरताना बोट घालू नये असा नियम छापला जावा, ही गंमतच आहे.

यंत्राबरोबर आलेला पेला मी तिसऱ्या आठवड्यात मसाल्याच्या डब्याकडे सोपवला आणि सातशे रुपयांचा वजनकाटा आणला. एक पेला पीठ दाबून भरले तर दीडशे ग्रॅमच्या पुढे जाते, हलक्या हाताने भरले तर एकशेवीसवर थांबते. तीन पेल्यांत पडणारा हा फरक कोणत्याही कृतीला पुरून उरतो. जो कोणी ब्रेडयंत्र घेणार असेल त्याने त्याच दिवशी काटा घ्यावा, नाहीतर यंत्रही घेऊ नये, इतके माझे मत आता कडक झाले आहे.

सध्या आमच्या घरी जो ब्रेड होतो त्याचे प्रमाण असे : ४०० ग्रॅम कणीक चाळून, पण कोंडा पूर्ण न काढता, ३०० मिलिलिटर पाणी, ७ ग्रॅम मीठ, २० ग्रॅम गूळ पाण्यातच विरघळवून, २० ग्रॅम तेल, १५ ग्रॅम दुधाची पावडर, आणि ४ ग्रॅम झटपट प्रकारचे कोरडे यीस्ट. मैद्याचा करायचा असेल तर पाणी २५० मिलिलिटरपर्यंत खाली आणावे. आधी पाणी, त्यात मीठ, गूळ आणि तेल, त्यावर पीठ, आणि पिठाच्या शिखरावर खळगा करून यीस्ट, हा क्रम पाळावा. वेळ लावून ठेवायची असेल तर यीस्ट आणि पाणी यांची गाठ मळणीपूर्वी पडू नये, यासाठीच हा खटाटोप असतो. एकदा मीठ घालायला विसरलो. मीठ यीस्टला आवर घालते आणि पिठालाही बळ देते; ते नसल्यामुळे पीठ उधळल्यासारखे झाकणाला जाऊन टेकले आणि भाजणी सुरू होताच मध्ये खड्डा पडून बसले. चवीला तो ब्रेड ओल्या पुठ्ठ्यासारखा होता.

यीस्टविषयी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. बाजारात दाणेदार यीस्ट मिळते, ते आधी कोमट पाण्यात साखरेबरोबर भिजवून फसफसवावे लागते. आणि बारीक कणांचे झटपट यीस्ट मिळते, ते थेट पिठात चालते. यंत्रासाठी दुसरेच घ्यावे. फोडलेले पाकीट हवाबंद बरणीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवले तर महिनोन्‌महिने टिकते. ओट्यावर ठेवलेले माझे पहिले पाकीट सोलापूरच्या उन्हाळ्यात तीन आठवड्यांत निकामी झाले.

सर्वांत मोठी सुधारणा मात्र उकडीने झाली. कणकेचा ब्रेड पहिल्या दिवशी चांगला लागायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुसभुशीत व्हायचा. जपानी आणि चिनी मऊ ब्रेडच्या कृतींत थोडे पीठ आधी पाण्यात शिजवून घेतात असे वाचले आणि आईला सांगितले, तेव्हा तिने मान वर करून “म्हणजे उकड काढतात,” एवढेच म्हटले. तांदळाच्या भाकरीला आणि मोदकाला आपण जे करतो तेच हे आहे. एकूण पिठातले २० ग्रॅम पीठ आणि एकूण पाण्यातले १०० मिलिलिटर पाणी एकत्र करून मंद आचेवर ढवळत राहावे, चमच्याची रेघ भांड्याच्या तळाशी उमटू लागली की उतरवावे आणि पूर्ण निवल्यावर यंत्रात घालावे. शिजलेला पिष्टमय भाग पाणी धरून ठेवतो आणि ब्रेड तिसऱ्या दिवशीही दाबल्यावर परत वर येतो. पुस्तिकेतल्या चाळीस पानांत ही युक्ती कोठेही नाही.

ज्वारीचा ब्रेड करण्याचा मोह मला सोलापूरकर म्हणून होणारच होता. मंगळवेढ्याच्या मालदांडीचे पीठ निम्मे घालून केलेल्या ब्रेडचा भुगा झाला. ज्वारीत ग्लुटेन नसते, त्यामुळे एकूण पिठाच्या सहाव्या-सातव्या हिश्शापर्यंतच ती निभावते; तेवढ्यात तिची चव कळते आणि ब्रेडही उभा राहतो. खपली गव्हाविषयी हल्ली फार बोलले जाते, पण त्याचे ग्लुटेन दुबळे असते आणि यंत्राच्या जोरदार मळणीत ते तुटते. खपलीची खीरच करावी.

उन्हाळा हा या यंत्राचा खरा शत्रू आहे. त्याचे सारे हिशेब वीस-पंचवीस अंशांच्या स्वयंपाकघराचे आहेत. मे महिन्यात बाहेर पारा बेचाळीसच्या पुढे आणि आमच्या स्वयंपाकघरात छत्तीस-सदतीसवर असताना मी रात्री दहाला साहित्य भरून सकाळी सातची वेळ लावली. पहाटे जळकट वासाने जाग आली तेव्हा पीठ भांड्याच्या काठावरून ओघळून तापकाच्या नळीवर पडले होते आणि तिथे त्याचा कोळसा झाला होता. तो खरवडून काढायला दुपार गेली. तेव्हापासून मार्च ते जून या काळात मी यीस्ट तीन ग्रॅमच घेतो, पाण्याचा तिसरा हिस्सा बर्फाच्या रूपात घालतो आणि वेळ लावून ठेवण्याच्या सोयीला हात लावत नाही. ताजे दूध घालून रात्रभर वेळ लावणे तर आपल्या हवेत कोणत्याच ऋतूत शहाणपणाचे नाही. दुधाची पावडर त्यासाठीच आहे. एकामागोमाग दोन ब्रेड करायला गेलो तेव्हा पडद्यावर फक्त तीन ‘एच’ उमटले आणि यंत्राने काम करायचे नाकारले. ते बिघडलेले नव्हते, फक्त तापलेले होते. झाकण उघडून अर्धा तास निवू दिले की पूर्ववत चालते.

वीज गेली तर काय, हा प्रश्न मला सर्वांत अधिक विचारला जातो. माझे यंत्र १० मिनिटांपर्यंतचा खंड लक्षात ठेवते, त्यानंतर सारे विसरते. एकदा दुसऱ्या फुगवणीत असताना वीज चाळीस मिनिटे गेली. यंत्र विसरले तरी यीस्ट विसरत नाही, ते आपले काम करतच होते. वीज आली तेव्हा पीठ काठाशी आलेले होते, म्हणून मी ‘फक्त भाजणे’ हा कार्यक्रम पाऊण तास लावला आणि ब्रेड उत्तम निघाला. खंड मळणीत पडला तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे. भाजणीच्या मध्यावर पडला तर मात्र त्या दिवशी पोळ्या कराव्यात.

आता तक्रारी. पहिली तक्रार पात्याची आहे. ब्रेडच्या बुडाला त्याच्यामुळे भोक पडते, ते सर्वच यंत्रांत पडते आणि त्याची सवय होते. शेवटच्या फुगवणीपूर्वी हाताला तेल लावून पाते काढून घेतले तर भोक बारीक राहते. पण माझ्या पात्याचा मुलामा आठव्या महिन्यातच निघू लागला. मी लोखंडी काही लावलेले नव्हते, घासणीही मऊ वापरत होतो. हमी एक वर्षाची होती, तरीही कंपनीच्या ग्राहक सेवेने आधी मुलामा हमीत येत नाही असे सांगितले, मग येतो असे सांगितले, मग पाते उपलब्ध नाही असे सांगितले, आणि सात आठवड्यांनी पाते पाठवले ते दुसऱ्याच यंत्राचे होते. योग्य पाते मिळेपर्यंत एकूण अकरा आठवडे गेले. त्या काळात मी मळायला हातांनी शिकलो, ही त्यातली जमेची बाजू. पण तिचे श्रेय कंपनीला देण्याची माझी इच्छा नाही. यंत्र घेण्यापूर्वी त्याचे पाते आणि भांडे सुटे विकत मिळतात का, हे विचारून घ्यावे, आणि शक्य असल्यास एक पाते त्याच दिवशी मागवून ठेवावे.

दुसरी तक्रार वरच्या कवचाची. तापकाची नळी तळाशी आहे आणि झाकणात काहीच नाही, त्यामुळे ब्रेडच्या बाजू आणि बूड खरपूस होतात आणि डोके फिकटच राहते. गडद रंग निवडला तर बूड जाड होते, डोके तरी तसेच. आईला फिकट भाग आवडतो, मला कडेचा, त्यामुळे घरात भांडण नाही. पण छायाचित्रात दाखवलेला सोनेरी घुमट मला एकदाही मिळालेला नाही.

बचतीच्या आशेने कोणी हे यंत्र घेणार असेल तर त्याने थांबावे. मीटरवर मोजून पाहिले तेव्हा एका ब्रेडला साधारण ०.४ युनिट वीज लागली. युनिटला दहा रुपये धरले तरी चार रुपये. दळणासह गहू, यीस्ट, तेल, गूळ आणि दुधाची पावडर धरून साहित्याचे पस्तीस-चाळीस रुपये होतात, आणि त्यातून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास ब्रेड मिळतो. दुकानातल्या चारशे ग्रॅमच्या ब्राउन ब्रेडशी तुलना केली तर थोडे वाचतात, पण साडेसात हजार वसूल व्हायला अनेक वर्षे लागतील आणि तोवर पात्याचा मुलामा आणखी दोनदा निघालेला असेल. शिवाय घरच्या ब्रेडमध्ये टिकवणारे काही नसल्यामुळे पावसाळ्यात तिसऱ्या दिवशी त्यावर बुरशी येते. तो फ्रिजच्या खालच्या भागात ठेवू नये, तिथे तो बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा आणि कोरडा होतो. पूर्ण निवल्यावर काप करून बर्फाच्या कप्प्यात ठेवावा आणि लागतील तेवढेच काप थेट तव्यावर गरम करावेत. गरम असताना ब्रेड कापण्याची घाई तर मुळीच करू नये. भाजणी संपल्यावरही आत वाफ फिरत असते आणि तासभर धीर धरला नाही तर सुरीला पीठ लागते. हा तास घरात सर्वांनाच जड जातो, कारण वास सगळ्या मजल्यावर गेलेला असतो.

लहान कुटुंब असेल, सकाळी ब्रेड खाण्याची सवय आधीपासून असेल आणि पहिली दहा मिनिटे यंत्राशेजारी उभे राहण्याची तयारी असेल, तर हे यंत्र घ्यायला हरकत नाही. घेताना १००० ग्रॅमचे भांडे असलेलेच घ्यावे, कारण कणकेचा ब्रेड लहान भांड्यात काठाशी अडतो. ज्यांच्याकडे चांगला ओव्हन आहे आणि ज्यांना हाताने मळण्याचा कंटाळा नाही, त्यांना याची गरज नाही. ज्यांना बटण दाबून विसरून जायचे आहे, त्यांनी दुकानातूनच आणावा.

पावभाजीच्या दिवशी मात्र आमच्याकडे आजही कोपऱ्यावरच्या बेकरीतून लादी येते. यंत्रात पीठ मळून फुगवून घेण्याचा एक कार्यक्रम आहे, त्याने लादी पावाचे पीठ उत्तम होते. पण ते भाजायला भट्टी लागते, आणि उभ्या भांड्यात लादी कशी होणार? परवा मी पिशवी घेऊन निघालो तेव्हा बेकरीवाल्याने विचारले, “काका, तुमचं मशीन बिघडलं काय?” बिघडलेले नाही असे मी सांगितले आणि लादीच्या पिठात तो पाणी किती घालतो ते विचारले. त्याने हाताचा पंजा पसरून, बोटे थोडी ढिली सोडून दाखवली आणि म्हणाला, “असं वाटेपर्यंत.”